भाचा माझ्याकडे शिकायला आहे, अक्काचं आणि माझं पटेना. पखवाज परत आणू का?

बारकी_औसा

नमस्कार. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझा भाचा, म्हणजे अक्काचा धाकटा, जूनपासून लातुरात माझ्याकडे राहतो. अकरावी सायन्स आणि सोबत नीटचा क्लास. घरात मी आणि माझे मिस्टर, दोघंच. आम्हाला मूल नाही आणि नकोच, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, २२ अंगणवाड्या माझ्याकडे.

भाचा तिसरीपासून गावच्या भजनी मंडळात पखवाज शिकला. येताना गोधडीत गुंडाळून घेऊन आला होता. संध्याकाळी तो क्लासहून येतो तेव्हा मी कणीक मळत असते. त्यातला लिंबाएवढा गोळा तो घ्यायचा, पाण्याचा हात लावून मऊ करायचा आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचा. एक थाप मारून कान द्यायचा. जरा कणीक काढायची, पुन्हा लावायची, आवाज खाली खोल बसेपर्यंत हे चालायचं. मग अर्धा तास वाजवायचा. झालं की कणीक खरवडून गॅलरीत चिमण्यांना टाकायची, ओल्या फडक्यानं पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, पुसायची आणि पुस्तक घेऊन बसायचं. माझ्या घरातला दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता तो.

डिसेंबरात क्लासची टेस्ट झाली. ७२० पैकी ३१२. मार्कांचा मेसेज थेट पालकांच्या मोबाईलवर जातो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अक्का दारात. धपाट्याचं फडकं ओट्यावर ठेवलं आणि सरळ त्याच्या खोलीत गेली. ओरडली नाही. पखवाज उचलला आणि म्हणाली, "दहावीपस्तोर चाललं. आता बास." मला म्हणाली, "मोबाईल कुलपात ठिव. चारला उठवत जा. नाही ऐकलं तर दोन ठिवून दे, माझी परवानगी हाय."

मी म्हटलं, अक्का, माझ्या घरात लेकरावर हात उचलायचा नाही. त्यावर तिनं जे म्हटलं ते अजून कानातून जात नाही. "तुला पोटचं असतं तर कळलं असतं, बारके."

तेव्हापासून भाचा वेळेवर उठतो, क्लासला जातो, विचारलं तेवढं बोलतो. दोन पोळ्या खाणारा पोरगा अर्ध्यावर उठतो. अंगणवाडीत आमच्याकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल रंग दिसतो आणि पुढं काय करायचं ते आम्हाला माहीत असतं. सोळा वर्षांच्या लेकराला लावायला माझ्याकडे कुठली पट्टी नाही. दिसतंय एवढंच की वाळायला लागलंय.

आता अक्काबद्दल. तिच्यावर एकदम चिडू नका.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची आणि अक्का अकराची. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. दगडमातीच्या भिंतीचं आमचं माळवद बसलं. अक्कानं मला काखेत मारून बाहेर काढलं. आईच्या मांडीचं हाड मोडलं, पुढं वर्षभर ती अंथरुणावरच होती. त्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये माझी वेणी घालणं, मला भरवणं, आईला बेडपॅन देणं, हे सगळं अक्कानं केलं. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. सतराव्या वर्षी लग्न झालं. मला आई कोण असं विचारलं तर डोळ्यांपुढं आधी अक्का येते. फ्रॉकमधली.

आम्हाला मूल नको हे २०१९ साली मी तिला सांगितलं. त्याआधी तिनं तुळजापूरला माझ्या नावानं नवस बोलला होता, दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं, त्यामुळं आता खरं सांगावंच लागेल असं वाटलं. मला वाटलं रागावेल. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हंजे मी जे केलं ते वाया गेलं व्हय?" मी कितीही सांगितलं की तुझ्या आयुष्याला मी नावं ठेवत नाहीये, तिला ते तसंच लागलंय. बाईनं आई व्हावंच असं मला वाटत नाही. तिला वाटतं, त्याशिवाय बाईला दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही. लेकरू वाढवण्याबाबतही तसंच. ती म्हणते, लेकराला आज वाईट वाटलं तरी चालेल, जन्माचं भलं झालं पाहिजे. मी म्हणते, आजचा दिवस त्याच्या जन्मातच धरलाय ना?

माझा प्रश्न असा. लेकरू तिचं, घर माझं. गावी जाऊन पखवाज परत आणू का? आणि तिच्याशी बोलू तर कसं बोलू, की नातं तुटणार नाही?

परभणीची_माय

ताई, तुमचं दुखणं कळलं. पण मी तुमच्या अक्काच्या बाजूनं बोलणार. माझी पोरगी दोन वर्षं लातुरात होती. दोन्ही वर्षं मी रात्री मोबाईल उशाला घेऊन झोपले. मेसेजचा आवाज आला की छातीत धस्स व्हायचं. लेकरू डोळ्यांपुढं नसलं की आईच्या हातात राहतं काय? तो मार्कांचा आकडा. तुम्हाला तो जेवताना दिसतो, झोपताना दिसतो. तिला फक्त ३१२ दिसले.

फी कुठून भरली ते विचारलंत का? सप्टेंबरात आमच्याकडं सोयाबीन पाण्यात उभं सडलं, तुमच्या गावाकडंही काही वेगळं झालं नसंल. आमच्या घरी दुसरा हप्ता भरायला गळ्यातलं मोडलंय.

मारायचं नाही म्हणालात ते बरोबरच केलंत. मी पोरीला एकदा मारलं होतं, ती आजही ते विसरली नाही आणि मीही. पण पखवाज गुपचूप आणू नका. आईनं नेलेली वस्तू मावशीनं चोरून आणली तर लेकरू दोघींच्या मधात चिरडंल. आणि "पोटचं असतं तर" हे वाक्य कामून एवढं धरून बसलात? ज्या बाईनं अकराव्या वर्षी तुम्हाला काखेत मारून बाहेर काढलं, तिच्या पोटचं पहिलं लेकरू तुम्हीच. तिला ते असं बोलायला नको होतं, खरं आहे. तरी जा आणि तिच्यासोबत रानात काम करता करता बोला. समोरासमोर बसून बोलायला गेलात तर भांडण होईल.

जीवशास्त्राचा_मास्तर

मी चौदा वर्षं नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतोय. पखवाजाचा निर्णय तुम्ही बहिणी घ्या, मी मार्कांवर बोलतो, कारण सगळं त्या आकड्यावरून सुरू झालंय.

नीटला १८० प्रश्न असतात. जीवशास्त्राचे ९०, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. बरोबरला ४ मिळतात, चुकीला १ कापला जातो, सोडलेल्याला शून्य. आता ३१२ कसे झाले ते बघा. ७८ बरोबर आणि एकही चूक नाही, तरी ३१२. ८६ बरोबर आणि ३२ चूक, तरी ३१२च. पहिला मुलगा घाबरून सोडून देतोय, दुसरा अंदाजानं गोळ्या मारतोय. दोघांना वेगवेगळं औषध लागतं आणि मेसेजमध्ये यातलं काहीच येत नाही. त्याच्याकडून उत्तरांचा तक्ता मागा. विषयवार बरोबर, चूक, सोडलेले असे तीन आकडे काढा आणि तेच बहिणीला दाखवा.

चारला उठवण्याबद्दल. रात्री अकरा-साडेअकराला अभ्यासिकेतून येणाऱ्या मुलाला चारला उठवलं तर पाच तासही झोप होत नाही. या वयात ८ ते १० तास लागतात. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, हे मी वर्गात शिकवतो आणि त्याच वर्गात पहिल्या बाकावर मुलं डुलक्या घेत असतात. मला ते बघवत नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही दिवसाला पाच तासांच्या वर शिकवू नये आणि आठवड्याची सुट्टी द्यावी असं म्हटलंय.

शेवटचं, आणि हे हलक्यात घेऊ नका. जेवण तुटणं आणि बोलणं तुटणं दोन्ही एकदम झालंय. त्याला सरळ विचारा, मनात नको ते विचार येतात का. विचारल्यानं असे विचार डोक्यात घुसत नाहीत. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करू शकता.

अंबाजोगाईकर

मी मावशीकडं वाढलो, सहावी ते बारावी. आई आणि मावशी दोघींचं माझ्यावरून वाजायचं. मला तेव्हा एकच वाटायचं, कुणीतरी मला विचारावं. भाच्याला विचारलंत का हो, त्याला काय पाहिजे?

बारकी_औसा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

अंबाजोगाईकर, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून त्याच रात्री विचारलं. आधी पखवाजाबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, "मावशी, मेसेज आईच्या आधी मला यायला पाहिजे. मला कळायच्या आत तिला कळतंय." मास्तरांनी सांगितलेलंही विचारलं. नको ते विचार नाहीत म्हणाला, पण रडला बराच वेळ. मी शेजारी बसून राहिले. १४४१६ ला मी फोन केला, नंतर तोही बोलला, दार लावून.

तक्ता काढला. ८१ बरोबर, १२ चूक, ८७ सोडलेले. सोडलेल्यांत भौतिकशास्त्राचे ३८. म्हणजे भौतिकची पानं त्यानं जवळजवळ उघडलीच नाहीत.

मग रविवारी गावी गेले. परभणीच्या ताई, तुमचंच ऐकलं. तुरीची रास चालली होती. दोन तास मी पेंढ्या उचलून दिल्या, एक शब्द काढला नाही. दुपारी बांधावर भाकरी खाताना मातीत काडीनं तीन आकडे लिहिले. अक्का पाचवीपर्यंतच शिकली, पण हिशोबाला पक्की. चार गुणिले ८१ तिनं तोंडानं केलं, त्यातून १२ वजा केले. म्हणाली, "म्हंजे पोरगं उधळं नाही. भेलंय." मी म्हटलं, हो. मग बराच वेळ काही बोलली नाही. तुरीचा भुसा तिच्या भुवयांवर बसला होता, तोही तिनं पुसला नाही.

फीचं तेव्हा विचारलं. गळ्यातली एकदाणी गहाण आहे. मला सांगितलं नव्हतं. एक हप्ता मी भरते म्हटलं तर उसळली, "तू मला शिकवलालीस व्हय?" पण पुढच्या हप्त्याला अर्धे माझे, असं शेवटी ठरलं.

पोटच्या लेकराचा विषय मीच काढला. मी म्हटलं, तुझं ते वाक्य मला फार लागलं. तिनं माफी मागितली नाही, मला अपेक्षाही नव्हती. म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं, लेकरू पाहिजे का म्हणून. तू तीन वर्साची काखेत आलीस. मंग लग्न, मंग पोरी, मंग हा. तुला विचारायला मिळालं, तर तू नाही म्हणालीस. मला ते गिळत नाही, बारके. पर लेकराला चारला उठवू नको."

मूल नको या माझ्या म्हणण्याला ती अजून हो म्हणत नाही. मीही तिला पटवायचं थांबवलंय. मेसेज आता तिघांच्या मोबाईलवर एकाच वेळी येतो, मी क्लासमध्ये जाऊन नंबर लावून आले. भौतिकसाठी वरच्या मजल्यावरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस बसतो.

पखवाज तिनं कोठीच्या खोलीत, उंदरानं कुरतडू नये म्हणून, तिच्या जुन्या इरकलीत गुंडाळून आढ्याला टांगला होता. स्वतः स्टूल घेऊन काढला. रोज वाजवायला तिची परवानगी नाही, फक्त रविवारी, टेस्ट झाल्यावर. भाच्यानं हो म्हटलंय. मी एसटीत मांडीवर घेऊन आले.

एक अडचण आहे. टांगून टांगून किंवा थंडीनं असेल, डाव्या बाजूची पुडी सैल झालीय. कणीक लावली तरी आवाज बसत नाही, वाद्या ओढून पाहिल्या तरी तेच. लातुरात पखवाजाची पुडी बदलून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा, येत्या रविवारच्या आत झालं तर बरं.