मदत हवी आहे: वॉलआय गळाला लागत नाही. रिग (गरी-शिशाची मांडणी), आमिष, वेळ, जे ठाऊक असेल ते सांगा

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी.

मिनिआपोलिसच्या उपनगरात राहतो. मूळचा रायगडचा, रेवदंड्याच्या खाडीत गरवत मोठा झालो. हातात नायलॉनचा दोर, खाली शिसं, एक गरी आणि जिवंत कोळंबी, एवढ्यावर जिताडा, तांबोशी, खडस सगळं काढलेलं आहे. त्यामुळे गरी-दोर नवीन नाही. नवीन आहे ते इथलं गोडं पाणी, आणि दुकानातली ती भिंत जिच्यावर नाही नाही त्या रंगांचे रबरी किडे टांगलेले असतात.

सनफिश, क्रॅपी, पर्च मिळतात. नॉर्दर्न पाईक अधूनमधून दोर तोडून जातो. पण ज्या माशाला मिनेसोटाने १९६५ मध्ये राज्याचा मासा ठरवलं, तो वॉलआय काही हाती लागत नाही.

सामान: साडेसहा फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, ८ पाउंडाची मोनो लाइन. मित्राची छोटी बोट आहे, ती घेऊन मिल लॅक्स तलावावर जातो. दुकानदाराने लिंडी रिग दिली, तिला गांडूळ लावतो. टकटक जाणवते, मी झटका देतो, वर येतं अर्धं गांडूळ. दर वेळी हेच.

प्रश्न असे: रिग बदलू की पद्धत? गांडूळ चालेल की जळू, की छोटे मासे? आणि बोट नसेल त्या दिवशी काठावरून काही जमतं का? जून संपत आलाय, उन्हाळा असा वाया घालवायचा नाही.

रापण

किती वाजता जाता? आणि वारा कसा असतो?

खाडीकाठचा

मित्राची मुलं बरोबर असतात, त्यामुळे साधारण दहाला पाण्यात, चारला परत. वारा नसलेला दिवस बघूनच जातो, बोट लहान आहे.

रापण

मग अर्धं उत्तर इथेच आलं. ऊन डोक्यावर, पाणी आरशासारखं, आणि तुम्ही वॉलआय शोधताय!

या माशाच्या डोळ्यात बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो. जिताड्याच्या डोळ्यावर टॉर्च मारला की तो चमकतो, तुम्ही पाहिलं असेल, तसाच. कमी उजेडात याला दिसतं आणि पर्चला नीट दिसत नाही, म्हणून हा तिन्हीसांजेला, पहाटे आणि रात्री शिकारीला निघतो. भर उन्हात एकतर खोल जातो, नाहीतर शेवाळाच्या सावलीत बसतो. दुपारी खायचं झालंच तर वाऱ्याने पाणी खळबळलेलं असावं लागतं. लाटांनी उजेड फुटतो, खडकावर गढूळपणा येतो. इथले लोक त्याला ‘वॉलआय चॉप’ म्हणतात आणि त्या दिवशी रजा टाकतात. पण लहान बोट असेल तर मिल लॅक्सवर वाऱ्याशी खेळू नका. तलाव उथळ आहे, सर्वात खोल ४२ फुटांच्या आसपास, आणि पसरलाय एक लाख तीस हजार एकरांवर. लाट बघता बघता उठते. त्यापेक्षा संध्याकाळी सहाला निघा. मुलांना घरी ठेवा किंवा काठावर सनफिशला बसवा, त्यांनाही तेच आवडेल.

आता लिंडीबद्दल. ब्रेनर्डच्या अल आणि रॉन लिंडनर या भावांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ही रिग लोकप्रिय केली. तिची सगळी गंमत एका गोष्टीत आहे: शिसं दोरावर सरकतं. मासा आमिष घेऊन निघाला तर त्याला वजन जाणवत नाही. तुम्ही टकटक झाल्याबरोबर झटका देता, म्हणजे सरकत्या शिशाचा फायदाच घालवता. मग साधं बांधलेलं शिसं काय वाईट?

असं करा. रीलचा बेल (दोर अडवणारी वाकडी तार) उघडा ठेवा, दोर तर्जनीवर धरा. शिसं तळावरून घासत गेलं पाहिजे. चिखल, वाळू, दगड यातला फरक बोटाला कळला पाहिजे. खाडीत गरवलेल्या माणसाला हे सांगायला नको. झपाझप टकटक झाली तर तो पर्च. वॉलआयचा ठोका एकच, जड, किंवा ठोका नाहीच, नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं वजन. तसं वाटलं की बोट सोडा, दोर जाऊ द्या. जळू असेल तर चार-पाच सेकंद, अख्खं गांडूळ असेल तर दहापर्यंत. मग बेल बंद, ढील गुंडाळा, माशाचं वजन लागेपर्यंत, आणि काठी बाजूला लांब ओढा. झटका नाही, ओढ.

मांडणी: मुख्य दोरावर पाव औंसाचं सरकतं शिसं (वीस-पंचवीस फुटांत अर्धा औंस), मग मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), त्याखाली ६ पाउंडाच्या फ्लुरोकार्बन दोराचा चार ते सहा फुटांचा तुकडा आणि टोकाला लहान गरी. जळवेसाठी ६ नंबर, गांडुळासाठी ४. दुकानातल्या तयार रिगमध्ये हा तुकडा बहुधा आखूड असतो, स्वतः बांधा.

गांडूळ जूनअखेर सोडाच. पर्च तुकडे तोडत राहणार. जळू चिवट असते, तिला मोठ्या टोकाकडच्या चोषकातून गरी लावा, ती पाण्यात ताठ पोहत राहते.

बोटीचा वेगही बघा. लिंडीला अर्धा मैल ताशी पुष्कळ झाला. वाऱ्याने जास्त वाहत असाल तर पाण्यातली छत्री, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, टाका. दोरी बांधलेली बादली टाकणारेही पाहिलेत, चालतं.

एक_बॉबर_पुरे

रापण यांच्याशी अर्धाच सहमत. नवख्याला लिंडी देणं म्हणजे दर दहा मिनिटांनी खडकात शिसं घालवणं. मिल लॅक्सच्या खडकांवर स्लिप बॉबर (दोरावर सरकणारा तरंगता) आणि जळू, बस. माझी सासू पहिल्यांदाच आली आणि तिने याच्यावर काढला, अजून ऐकवते.

दोरावर आधी गाठीचा स्टॉपर, मग मणी, मग बॉबर (आरपार भोक असलेला), खाली छऱ्याएवढं शिसं, त्याच्या फूट-दीड फूट खाली ६ नंबरची गरी किंवा १/१६ औंसाची जिग (डोक्याला वजन असलेली गरी). स्टॉपर रीलमध्ये गुंडाळला जातो, म्हणून पंधरा फूट खोलीवर सोडायची रिगसुद्धा सहज फेकता येते.

खोली मोजायला गरीला जड शिसं अडकवा आणि सोडा. बॉबर पाण्याखाली गेला तर स्टॉपर वर सरकवा, आडवा पडला तर खाली. तळ सापडला की तिथून फूटभर वर आमिष. लोक इथेच आळस करतात. वॉलआय वर बघून खातो, त्याच्या पोटाखालून गेलेली जळू त्याला दिसत नाही.

बॉबर बुडाला की घाई नको. ढील घ्या, दोर ताणला की उचला.

रापण

खडकावर बॉबर, मान्य. पण तलावाच्या उत्तरेकडच्या चिखलाच्या सपाट उंचवट्यांवर, वीस-तीस फुटांत, मासे पसरलेले असतात. तिथे बॉबर घेऊन एका जागी बसलात तर बसूनच राहाल.

शिवाय जूनमध्ये चिखलातून मेफ्लायच्या अळ्या वर येतात, मासे त्या खाऊन टम्म होतात. त्या आठवड्यात कुणाचंच काही चालत नाही. रिगला दोष देऊ नका.

एरीकाठची

मी क्लीव्हलँडची, आमच्याकडचं थोडं सांगते. लेक एरीच्या पश्चिम भागात पाणी सरासरी चोवीस फूट, आणि मासे इतके की पोर्ट क्लिंटन स्वतःला जगाची वॉलआय राजधानी म्हणवतं. (तुमच्या मिनेसोटातही दोन-तीन गावं असं म्हणतात, त्यांना म्हणू दे.)

उन्हाळ्यात आम्ही गांडूळ हार्नेस ओढतो. दोन गऱ्या एकामागे एक, पुढे रंगीत मणी आणि कोलोरॅडो पातं. गांडूळ लांब सरळ लावायचं, पहिली गरी नाकात, दुसरी मधल्या भागात. ते गोळा होऊन फिरायला लागलं तर दोर पिळतो आणि मासा बघतही नाही. वर बॉटम बाउन्सर, म्हणजे तारेला वजन. दहा फुटांना साधारण एक औंस धरा, वीसला दोन. दोर ४५ अंशात मागे राहील इतपत वेग, ताशी एक मैल किंवा थोडा जास्त. इथे मात्र दोर सोडून द्यायचा नाही. काठी वाकली की वाकली, मासा स्वतःच अडकतो.

खाडीकाठचा, तुमच्या ‘टकटक झाली की झटका’ सवयीला ही रिग बरी. आणि पर्चने गांडुळाचं शेपूट तोडलं तरी मागची गरी असते.

वसंतात कधी आलात तर मॉमी नदी बघा. मार्चअखेर ते एप्रिल मासे अंडी घालायला वर येतात, माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. सरकतं शिसं, दीड-दोन फुटांचा लीडर (गरीजवळचा दोराचा तुकडा), तरंगती जिग आणि रबरी शेपूट. तोंडाच्या आत लागलेलाच मासा ठेवता येतो, अंगाला बाहेरून अडकलेला सोडायचा. त्यावर वॉर्डन लक्ष ठेवून असतात.

कायदेपंडित

रिगची चर्चा उत्तम, पण मिल लॅक्सला जाण्याआधी डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचा. तिथली मापं आणि संख्या राज्याच्या सर्वसाधारण नियमापेक्षा वेगळी असतात, दर वर्षी बदलतात, हंगामाच्या मध्येही बदलतात. काही वर्षी रात्रीची मासेमारीही बंद होती, म्हणजे वरचा ‘रात्री जा’ हा सल्ला त्या वर्षी दंडाचा.

खुल्या पाण्यात मिनेसोटात एका माणसाला एकच दोर, बर्फावर दोन. आणि निघताना आमिषाच्या डब्यातलं तलावाचं पाणी ओतून टाकायचं, उरलेली जळवं-गांडुळं कचऱ्यात. तलावात सोडायची नाहीत. जळवा पुढच्या आठवड्यासाठी ठेवायच्या असतील तर घरचं पाणी बाटलीतून न्या आणि बदला. फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकतात. डब्यावर नाव लिहा. आई आलेली असताना माझ्याकडे जे झालं ते लिहीत नाही.

खाडीकाठचा

सगळ्यांचे आभार. दोर सोडून द्यायचा ही गोष्ट दुकानदाराने सांगितलीच नव्हती. खाडीत मासा घेतो आणि पळतो, तिथे थांबलो तर खडकात जातो, म्हणून हात लगेच उठतो.

यंदाचा नियम वाचला, संध्याकाळ चालणार आहे. दोन गोष्टी राहिल्या. काठावरचं कुणी बोललं नाही. आणि पाईकने दोर तोडू नये म्हणून पोलादी लीडर लावू का?

एक_बॉबर_पुरे

पोलाद नको. वॉलआय तारेपासून तोंड फिरवतो, शिवाय जळू जड होते. ८-१० पाउंडाचा फ्लुरोकार्बन लावा, चार-दोन गऱ्या पाईकला दान करा.

बोटीसाठी अजून एक: मिल लॅक्सच्या काठच्या रिसॉर्टांच्या मोठ्या लाँच असतात. माणशी पैसे भरायचे, रॉड-आमिष त्यांचं, संध्याकाळची फेरी असते. एकदा जा आणि बॉबर किती खोल लावतात ते शेजारी उभं राहून बघा. महिनाभर व्हिडिओ बघण्यापेक्षा स्वस्त.

रापण

काठावरून मे आणि ऑक्टोबर उत्तम, तेव्हा पाणी गार असतं आणि मासे उथळात येतात. जूनअखेर कठीण, पण अशक्य नाही. वारा ज्या काठावर आदळतोय तो काठ निवडा. लोकांना उलटं, शांत काठावर बसायला आवडतं. खडकाळ टोक, तलावात येणारा ओढा, पुलाखालची अरुंद जागा. सूर्य मावळल्यावर पुढचा तास-दीड तास.

तिथे आमिष बाजूला ठेवा आणि चार-पाच इंची लांबट लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा फेका, रापाला वगैरे. अगदी सावकाश ओढा, मध्येच थांबवा. बहुतेक वेळा थांबलेल्या माशावरच येतो. रंगाचा विचार करू नका, त्या भिंतीवरचे निम्मे रंग गिऱ्हाइकासाठी असतात.

मत्स्याहारी

एवढं सगळं करून लागतो कसा? पापलेटची सर आहे का?

एरीकाठची

नाही. पण गोड्या पाण्यातला चिखलाचा वास अजिबात नाही, मांस पांढरं, आणि पाईकसारखे काटे मध्ये येत नाहीत. फिले काढा, आगळ, हळद, तिखट, मीठ, वर रवा-तांदळाचं पीठ. मसाला कमी लावा, मासा सौम्य आहे. पंधरा-अठरा इंचीच खा; मोठ्यांत पारा जास्त साठतो, आणि मोठ्या माद्या अंड्यांसाठी सोडलेल्या बऱ्या.

खाडीकाठचा

लाँचची संध्याकाळची फेरी बुक केली. पुढच्या वेळी मित्राच्या बोटीत बॉबर आणि लिंडी दोन्ही बांधून नेतो, दोर मात्र एकच टाकतो, पंडितजी. लागलाच तर धरायचा कसा? बास मासा धरतात तसा खालच्या जबड्यात अंगठा घालून?

रापण

अंगठा मुळीच नको, सुळे आहेत. कल्ल्यांच्या झाकणाची कडही कापते, आणि पाठीचे काटे टोचतात. हात ओला करा, मागून पाठीवरून धरा, काटे तळव्याखाली मिटवून. गरी खोल गेली असेल तर ओढू नका, दोर तोंडाजवळ कापून सोडा. मोजताना पट्टी सपाट, तोंड मिटलेलं, शेपटी चिमटीत. माप अगदी सीमेवर येत असेल तर वाद न घालता पाण्यात.