संवादात शब्दांचा वाटा खरोखर सातच टक्के आहे का?

प्रश्नचिन्ह: आमच्या कचेरीतील प्रशिक्षणवर्गात गेल्या आठवड्यात सांगण्यात आले की, संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55 टक्के असतो. सर्वांनी ते निमूटपणे उतरवून घेतले. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून आले. त्यांपैकी एकात ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस कितपत आवडतो, एवढेच ओळखायचे होते. हे गुणोत्तर भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितले आहे. औषधाची मात्रा कोणी हातवाऱ्यांनी सांगून दाखवावी!

माळरान: आकडे बाजूला ठेवू. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. वरवर पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात आणि भोवतीच्या गर्दीला पत्ताही न लागता हजारोंचा सौदा होऊन जातो. तिथे शब्दांवाचून काय अडते?

प्रश्नचिन्ह: उदाहरण सुरेख आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. किती बोटे धरली की कोणता आकडा समजायचा, हे आधी ठरलेले असते आणि नवख्याला ते शिकावेच लागते. कर्णबधिरांच्या खूणभाषेला व्याकरण असते, म्हणून तिला आपण भाषाच म्हणतो. रुमालाखालचे आकडेही त्याच जातकुळीचे आहेत.

अनवट: मग न ठरवलेल्या खुणांचे काय? माझे वडील डॉक्टरांना “आता अजिबात दुखत नाही” असे ठणकावून म्हणाले, पण उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरांनी बाजूला सारलेला कागद पुन्हा पुढे ओढला.

प्रश्नचिन्ह: डॉक्टरांची नजर तयार होती. एरवी आपण सगळेच स्वतःला मनकवडे समजतो, परंतु बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडीच बरी. शिवाय कड पाहिल्यावर डॉक्टरांनी “कुठे दुखते?” असे विचारलेच असेल.

अनवट: विचारले. वडील “कुठेच नाही” म्हणाले. डॉक्टरांनी गुडघ्याच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहून दिली.