‘शांत वेळ’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : आमच्या युवक संघात सकाळच्या एकट्याने करायच्या प्रार्थनेला सगळे ‘क्वाएट टाइम’ म्हणतात. पत्रकात मी ‘शांत वेळ : सकाळी 6.30’ असं छापलं, तर एका आजींनी विचारलं, “कोण गेलं रे?” बरा शब्द सुचवा.

कोठीघर : सरळ ‘एकांत’ म्हणा. बायबलमधल्या मत्तय 6:6 मध्ये खोलीत जा, दार लावून घे, मग प्रार्थना कर असं आहे. ‘खोली’ वाचलं की आपल्याला टेबल आणि दिवा दिसतो. पण मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’, म्हणजे आतली कोठीची खोली. लूक 12:24 मध्ये कावळ्यांकडे जी नसते म्हटलंय, तीच.

वसईकरीण : वन रूम किचनमध्ये कोठी कुठून आणू? माझी माळ होते विरार लोकलमध्ये. चौथ्या सीटवर अर्धी टेकून, पर्समध्ये हात घालून एकेक मणी सरकवायचा. त्याला एकांत कसं म्हणू, मांडीवर दुसरीची बॅग असते! पण निवांत असतं. ‘निवांत’ आला ‘निवात’वरून, म्हणजे वारा नसलेलं. गीतेतला (6.19) न हलणारा दिवा ‘निवातस्थ’च आहे. त्याला रिकामं घर लागत नाही, आडोसा पुरतो.

कोठीघर : आडोसा पटला. पण खरी अडचण सवडीची. मार्क 6:31 मध्ये लोकांची इतकी ये-जा, की शिष्यांना जेवायलाही फुरसत नाही. येशू म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. ते होडीने निघतात, तर लोक पायी धावत आधीच तिथे हजर!

नगरची सून : सासूबाई प्रार्थनेला बसताना डोक्यावर पदर घेत. कुकर शिट्ट्या मारत असायचा, पण पदर वर आहे म्हटल्यावर पोरं हाक मारत नसत. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना घरभर मुलं असताना एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करी, असं सांगतात. आमच्याकडे ‘आई पदरात आहेत’ एवढंच म्हणायचे. कोशात सापडणार नाही.

प्रश्नकर्ता : पत्रकात ‘निवांत : सकाळी 6.30’ केलं. आजी म्हणाल्या, “साडेसहाला निवांत? तुमच्याकडे पाणी कधी येतं?”