क्लोरीनचं वस्तुमान ३५.५, मग अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?

वहीकोरी
नमस्कार मंडळी, केमिस्ट्री पार पहिल्यापासून परत सुरू केलीये. द्रव्य, मोजमाप, सार्थ अंक वगैरे कसंबसं डोक्यात शिरलं, आता अणुरचनेवर आलोय आणि इथे गाडी अडकली. पुस्तक म्हणतं अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. बरं, म्हणजे पूर्ण संख्याच यायला हवी ना, अर्धा कण तर नसतो. सोडियम २३, त्यात ११ प्रोटॉन १२ न्यूट्रॉन, जमलं. पण आवर्तसारणीत क्लोरीनखाली ३५.५ लिहिलंय, त्यातून १७ प्रोटॉन वजा केले की उरतात १८.५ न्यूट्रॉन!! एकाने सांगितलं की इलेक्ट्रॉनचं वजन धरल्यामुळे पॉइंट येतो, पण इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १८०० पटीहून जास्त हलका, १७ इलेक्ट्रॉन मिळून ०.०१ सुद्धा भरत नाही, मी करून बघितलं. मग हे अर्धं आलं कुठून?

चंचुपात्र
इलेक्ट्रॉनवालं उत्तर तू स्वतःच खोडलंस ते बेस्ट केलंस. घोळ असा आहे की तू दोन वेगळ्या गोष्टी एकच धरतोयस. अणुवस्तुमानांक हा एका अणूचा असतो, ती नुसती मोजणी आहे, केंद्रकात किती कण बसलेत त्याची, त्यामुळे तो कायम पूर्ण. आवर्तसारणीतला आकडा मात्र निसर्गात सापडणाऱ्या क्लोरीनची सरासरी आहे. क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे, दोघांत प्रोटॉन १७च (नाहीतर तो क्लोरीनच राहणार नाही), पण एकात न्यूट्रॉन १८ आणि दुसऱ्यात २०. म्हणजे क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७. यांनाच समस्थानिकं म्हणतात. ३५.५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही, शोधायला जाऊ नकोस.

वहीकोरी
अच्छा, आलं लक्षात थोडं. पण मग ३५ आणि ३७ ची सरासरी ३६ येते ना? ३५.५ कशी?

चंचुपात्र
दोघं सारख्या प्रमाणात असते तर ३६च आली असती. पण दर ४ अणूंमागे साधारण ३ अणू ३५ वाले आणि १ अणू ३७ वाला असतो. ३५ गुणिले ३ म्हणजे १०५, त्यात ३७ मिळवले १४२, भागिले ४, झाले ३५.५. नीट टक्के (७५.८ आणि २४.२) घेतले आणि ३५, ३७ ऐवजी दोन्ही अणूंची नेमकी मोजलेली वस्तुमानं धरली, की उत्तर ३५.४५ येतं. काही पुस्तकं ३५.५ छापतात काही ३५.४५, फरक फक्त किती सार्थ अंक ठेवले एवढाच, तुझा तो धडा इथेच कामाला येतो बघ.

आर्गॉन_एकटा
मला वाटतं याला एवढं फिरवायची गरज नाही. प्रोटॉनचं वस्तुमान बरोबर १ नसतंच, १.००७ असतं, न्यूट्रॉनचं १.००९. असे ३५ कण एकत्र आले की वरचे पॉइंट साठत जातात, तोच तो ०.५. सिंपल आहे.

स्पंदन_के
@आर्गॉन_एकटा नाही हो, बेरीज करून बघा की. १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन, १७ इलेक्ट्रॉन, सगळ्यांचं खरं वस्तुमान धरलं तर ३५.२८९ येतं, ३५.५ येत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. क्लोरीन-३५ चा अणू प्रत्यक्ष मोजला तर भरतो ३४.९६९! ३५ पेक्षाही कमी. सुट्ट्या कणांची बेरीज जास्त आणि जोडलेला अणू हलका, साधारण ०.३२ गायब. ते वस्तुमान केंद्रक बांधलं जाताना ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलं, आइन्स्टाइनचं ते E बरोबर mc वर्ग इथे लागू होतं, आणि केंद्रक परत सुटं करायचं तर तेवढीच ऊर्जा ओतावी लागेल. म्हणजे कणांचे पॉइंट साठत जाऊन आकडा वाढत नाही, उलट बांधणीत थोडा कमीच होतो. एका समस्थानिकाचं वस्तुमान पूर्ण संख्येच्या अगदी जवळ असतं, थोडंसं इकडेतिकडे. एवढं ठळक अर्धं दिसलं की मिश्रणावर संशय घ्यायचा.

कार्बन-१२ तेवढं बरोबर १२ भरतं, कारण मोजायचं एककच त्याच्यावरून ठरवलंय, १९६१ पासून. आणि तरी सारणीत कार्बनखाली १२.०११ असतं कारण नैसर्गिक कार्बनमध्ये सुमारे १ टक्का कार्बन-१३ असतो.

जुनाट_तराजू
उशिरा आलो पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हा ३५.५ फार जुना त्रासदायक आकडा आहे. १८१५ मध्ये प्राउट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने कल्पना मांडली की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत आहेत, म्हणजे सगळं हायड्रोजनपासूनच बनलं असावं. कल्पना झकास होती आणि बरेच आकडे जमतही होते, पण क्लोरीन काही केल्या बसेना. लोकांनी वजनं जितकी काटेकोर घेतली तितका तो ३५.५ घट्ट होत गेला. मोजमाप चुकलंय म्हणून सोडून द्यायची सोय नव्हती. शेवटी १९१३ मध्ये सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली आणि १९१९ ला केंब्रिजमध्ये अ‍ॅस्टनने वस्तुमानानुसार अणू वेगळे करणारं यंत्र बनवलं, त्यात क्लोरीनचे ३५ आणि ३७ असे वेगवेगळे ठसे उमटले. १९२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला याच कामावर. आणि विशेष म्हणजे न्यूट्रॉन तोवर सापडलाच नव्हता, तो चॅडविकला १९३२ मध्ये मिळाला. त्यामुळे @वहीकोरी तुझा अर्धा न्यूट्रॉनवाला प्रश्न तेव्हा कुणाला पडूच शकला नसता 😄

वहीकोरी
भारी माहिती! एकच शंका, ३५.५ चा एकही अणू नसेल तर मग मोलच्या गणितात सरळ ३५.५ कसं काय घालतात? चालतं कसं ते?

स्पंदन_के
कारण तू कधीच एक अणू तोलत नाहीस. एक ग्रॅम मीठ घेतलंस तर त्यात क्लोरीनचे अणू १ वर २२ शून्य एवढे असतात. एवढ्या गर्दीत ३ ला १ हे प्रमाण हलत नाही, त्यामुळे तराजूला फक्त सरासरी कळते. पण रेणू एकेक करून मोजणारं यंत्र असेल तर मात्र मिश्रण लगेच उघडं पडतं. क्लोरीन वायूच्या रेणूत दोन अणू असतात ना, मग दोन्ही ३५ वाले (७०), एक ३५ एक ३७ (७२), दोन्ही ३७ वाले (७४) अशा तीन जोड्या होतात आणि साधारण ९:६:१ अशा प्रमाणात दिसतात. पाऊण गुणिले पाऊण म्हणजे ९/१६ आले, बाकीचे दोन तू काढ. ७१ वर काही दिसत नाही, आणि मोलच्या गणितात तर आपण बिनधास्त ७१च घालतो.

वहीकोरी
काढले, मधल्याला दोनदा धरायचं म्हणून ६, आणि शेवटचा १. जमलं एकदाचं. मग सारणीत ज्यांचं वस्तुमान पूर्ण संख्येच्या जवळ, त्यांचा एकच समस्थानिक असतो असं धरून चालू ना? सोडियमसारखं?

चंचुपात्र
सोडियम आणि फ्लोरीनला चालेल, निसर्गात त्यांचा खरंच एकेकच आहे. पण ब्रोमीन बघ. सारणीत ७९.९, बहुतेक जण ८०च धरतात. निसर्गात ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळपास निम्मे निम्मे, आणि ८० वाला स्थिर अणू नाहीच.