मदत हवी आहे: फ्रेंच विशेषण नामाआधी की नामानंतर?

डेल्फ बी-१ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. रंग आणि राष्ट्रीयत्व नामानंतर, 'बाँ' (चांगला), 'बो' (सुंदर), 'ग्राँ' (मोठा) नामाआधी, एवढं पक्कं आहे. पण 'प्रॉप्र', 'पोव्र', 'आँस्यँ' दोन्हीकडे दिसतात आणि अर्थ बदलतो. कुठे कोणता अर्थ, हे ओळखायचं कसं?

उत्तर १
'एत्र' (असणे) हे क्रियापद लावून बघा. 'सेतॉम ए पोव्र' म्हणजे हा माणूस पैशाने गरीब आहे. 'बिचारा' हा अर्थ इथे निघतच नाही. 'एत्र'बरोबर टिकतो तो अर्थ नामानंतरच्या जागेचा: 'अँनॉम पोव्र' गरीब माणूस, 'अँ पोव्र ऑम' बिचारा माणूस. तसंच 'मा शाँब्र प्रॉप्र' माझी स्वच्छ खोली, 'मा प्रॉप्र शाँब्र' माझी स्वतःची खोली. 'आँस्यँ' आधी आलं की माजी, नंतर आलं की जुनं, पुरातन. मराठीत विशेषण सहसा नामाआधीच बसतं, म्हणून आपण शब्दच बदलतो: माजी आणि जुना, बिचारा आणि गरीब. वहीत प्रत्येक जागेची वेगळी नोंद करा, एकाच शब्दापुढे दोन अर्थ लिहिलेत तर ऐन परीक्षेत गोंधळ होतो.

उत्तर २
कसोटी चांगली आहे, पण 'देर्न्ये'ला लागू पडत नाही. 'ला स्मेन देर्न्येर' म्हणजे गेला आठवडा, 'ला देर्न्येर स्मेन' म्हणजे शेवटचा आठवडा. ही जोडी पाठच करा, तारखांच्या प्रश्नात ती हमखास नडते.
'ग्राँ'चंही जपून. 'ग्राँद मेझाँ' साधं मोठं घर. 'ग्राँ तॉम' मात्र थोर माणूस, आणि उंच माणूस 'अँनॉम ग्राँ'. पण नामानंतर शरीराचं दुसरं वर्णन आलं, उदाहरणार्थ 'अँ ग्राँ तॉम मेग्र', की तो पुन्हा उंचच: उंच, सडपातळ माणूस.

धागाकर्ता
आणि 'नवी गाडी'?

उत्तर १
तिथे जागा नव्हे, शब्दच वेगळा. 'नूव्हेल व्वात्यूर' आधीच्या गाडीऐवजी आलेली, जुन्या बाजारातलीही चालेल. कोरी करकरीत असेल तर 'व्वात्यूर नव्ह', आणि हे विशेषण नामानंतरच.

उत्तर २
लेखी परीक्षेसाठी आणखी एक: अनेकवचनात विशेषण नामाआधी आलं की 'दे' (डीईएस) हे अनेकवचनी उपपद जाऊन नुसता 'द' राहतो, 'द बेल मेझाँ' (सुंदर घरं). बोलण्यात फ्रेंच लोक 'दे' सर्रास ठेवतात, पण लेखी उत्तरात 'द'च लिहा.