कॅमेऱ्याच्या साहित्यासाठी बॅग: पाठीवरची की खांद्यावरची?

प्रश्न

माझ्याकडे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० मिमी या दोन एफ/२.८ झूम लेन्स, एक ३५ मिमी लेन्स, फ्लॅश, चार्जर, तीन बॅटऱ्या आणि ट्रायपॉड एवढे साहित्य आहे. आजवर मी ते एका खांद्यावर अडकवायच्या बॅगेतून नेत आलो. मात्र दोन तास चालले की उजवा खांदा भरून येतो. त्यातच गेल्या आठवड्यात बुटाची नाडी बांधायला वाकलो असता बॅग पुढे घसरली आणि झाकणाचे बकल लावायचे राहिल्यामुळे ३५ मिमी लेन्स खाली पडली. खाली गवत होते म्हणून काच वाचली, पण लेन्सच्या तोंडावर बसवलेल्या फिल्टरची कड चेपली असून तो आता काढायला फिरत नाही. मी बहुतेक वेळा निसर्गचित्रण करतो, अधूनमधून घरगुती समारंभांचीही छायाचित्रे काढतो. कोणत्या प्रकारची बॅग घ्यावी?

प्रतिसाद १

बॅगा पाहण्याआधी सगळे साहित्य एकदा वजनकाट्यावर ठेवा. ७०-२०० एफ/२.८ लेन्स साधारण एक ते दीड किलोची असते; बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), दुसरी झूम आणि किरकोळ वस्तू धरल्यास आकडा चार किलोच्या आसपास जातो. त्यात ट्रायपॉड आणि बऱ्यापैकी अस्तर असलेल्या रिकाम्या बॅगेचे वजन मिळवले, तर हे ओझे एका खांद्याने दिवसभर वाहण्याजोगे राहत नाही. तेव्हा पाठीवरची, कमरपट्टा असलेली बॅगच घ्यावी. मात्र कमरपट्टा म्हणजे बोटभर रुंदीची नुसती पट्टी नव्हे. तो जाड, अस्तराचा आणि कमरेच्या हाडांवर नीट टेकणारा हवा, कारण तसे असले तरच भार कमरेवर उतरतो आणि खांद्यांच्या पट्ट्यांना बॅग मागे कलू न देण्यापुरतेच काम उरते. दुकानात रिकामी बॅग पाठीला लावून काहीच कळत नाही, म्हणून आपले साहित्य सोबत न्या, ते बॅगेत भरा आणि निदान पंधरा मिनिटे तिथेच फिरा.

आणखी एक गोष्ट म्हणजे पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी बॅग पाहा. गर्दीत मागचा माणूस तिच्या चेनला हात घालू शकत नाही, शिवाय ती जमिनीवर आडवी ठेवली तर चिखल बाहेरच्या बाजूला लागतो, तुमच्या शर्टाला नाही.

प्रतिसाद २

निसर्गचित्रणापुरते वरील मत मान्य आहे. समारंभांबाबत मात्र मी असहमत आहे. दाटीवाटीच्या खोलीत पाठीवरची बॅग घेऊन वळलो की मागच्या माणसाला धक्का बसतोच, आणि लेन्स बदलण्यासाठी ती दर वेळी उतरवावी लागत असल्याने शेवटी आळसापोटी एकाच लेन्सवर काम भागवले जाते. म्हणून जुनी बॅग टाकून देऊ नका. समारंभाच्या दिवशी तीतून बॉडी, २४-७०, ३५ आणि फ्लॅश एवढेच न्या. झाकणाला वेल्क्रो असल्यास तो झाकून टाकण्याची सोय आहे का, हेही पाहा, कारण शांत सभागृहात वेल्क्रो उघडल्याचा फर्रकन येणारा आवाज सगळ्यांच्या माना वळवतो.

जाता जाता फिल्टरविषयी: पक्कड लावू नका. रबरी हातमोजा घालून, कड न दाबता हलक्या हाताने फिरवून पाहा. न निघाल्यास लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

प्रतिसाद ३

बॅगेवर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण त्यात कॅमेऱ्याचा कप्पा किती आणि वरचा मोकळा कप्पा किती, हे समजत नाही. आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजा. ७०-२०० बॉडीला लावूनच ठेवायची असेल, तर हूड (लेन्सच्या पुढे लावायचे आडोशाचे कडे) उलटे बसवून सगळ्याची मिळून लांबी घ्या. माझी पहिली बॅग याच बाबतीत चार बोटांनी कमी पडली होती.

विमानप्रवास होत असेल तर बाहेरचे मापही पाहावे. अनेक विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलोच नेऊ देतात, त्यामुळे दोन किलोची बॅग घेतली की साहित्यासाठी पाचच किलो उरतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत. त्यांची टोके झाकून त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात.

आणि बॅग कितीही चांगली असली तरी तिला कपाट समजू नका. अस्तर ओल धरून ठेवते आणि लेन्सवर बुरशी येते. घरी आल्यावर बॅग उघडी टाकून वाळवा आणि लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ट्रायपॉड वगळून वजन ४ किलो ३०० ग्रॅम भरले. त्यातला चार्जर गेल्या कित्येक महिन्यांत घराबाहेर वापरलेलाच नव्हता, तो आजपासून कपाटात राहील. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग घ्यायचे ठरवत आहे. ट्रायपॉड मध्यभागी बाहेर बांधावा की बाजूच्या खिशात ठेवावा?

प्रतिसाद १

बाजूला. मध्यभागी बांधलेला ट्रायपॉड पाठीपासून सर्वांत दूर असल्याने तो तुम्हाला मागे ओढतो. दुसऱ्या बाजूच्या खिशात पाण्याची भरलेली बाटली ठेवलीत, तर तोल बराचसा सावरतो.