पातळ आहे, पण लेचंपेचं नाही
माशाचं कातडं कमावून त्याच्या चामड्याच्या वस्तू करतात, त्यावर एकांनी म्हटलंय की हे कातडं पातळ, चार दिवसांत फाटणार. पातळ आहे खरं, पण त्यातले तंतू एकमेकांवर आडवेउभे रचलेले असतात, त्यामुळे जाडीच्या मानाने ते चांगलंच चिवट असतं. रशिया-चीन सीमेवरच्या आमूर नदीकाठचे नानाय लोक सॅल्मनच्या कातड्याचे अंगरखे शिवत. आइसलंडमध्ये वुल्फफिश या समुद्री माशाच्या कातड्याचे जोडे असत आणि डोंगरवाटेचं अंतर किती जोडे झिजतात त्यावर सांगत. (म्हणजे झिजायचे, हेही आलंच!)

माझी शंका वेगळी आहे. जनावराच्या कातड्यासारखे केस काढायचे नसल्याने त्यासाठी लागणाऱ्या चुना-सल्फाइड या रसायनांचा खर्च वाचतो हे ठीक, पण पुढे क्रोमनेच (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलं तर सांडपाण्याची कटकट तशीच राहते. अशा चामड्यावर 'इको' (पर्यावरणपूरक) लेबल लावणाऱ्याला आधी तेवढं विचारा: झाडाच्या सालीने कमावलंय की क्रोमने?